न लागलेली भूक

रात्रीचे जेवण झालेले असते, पोटही भरलेले असते; तरीही घरातील मंडळी निजल्यावर एखादी तरुणी स्वयंपाकघरात जाते आणि डब्यातून हाताला लागेल ते भराभर खात सुटते. चव कळत नाही, थांबता येत नाही. खाणे संपते तेव्हा उरते ती लाज. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून ती प्रायश्चित्त घेऊ पाहते आणि त्या उपासातच पुढच्या अतिभक्षणाचे बीज पडते.

‘तोंडावर ताबा नाही’ असे म्हणून घरची माणसे मोकळी होतात. वैद्यकशास्त्र मात्र असे म्हणत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले. पुढे २०१३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. खाताना ताबा सुटल्याची जाणीव, त्यापायी होणारा मनस्ताप आणि आठवड्यातून निदान एकदा याप्रमाणे तीन महिने घडणारी पुनरावृत्ती, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हा विकार पुरुषांनाही होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे आणि त्याचा आरंभ बहुधा तारुण्यात होतो.

मग ही भूक कशाची? खात असताना मन त्या घासापुरतेच उरते. अपमान, राग, एकाकीपणा घटकाभर दूर सरतात. म्हणजे खाणे हा असह्य भावनेपासून मिळणारा आसरा असतो. कपाटाला कुलूप लावल्याने आसरा जातो, दुःख तसेच राहते.

कॅनडातील टोरँटो येथील यॉर्क विद्यापीठाचे लेस्ली ग्रीनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या काळात घडविलेली भावनाकेंद्रित उपचारपद्धती नेमकी येथून सुरू होते. वरवर दिसणारी भावना आणि तिच्याखाली दडलेली मूळ भावना यांत ती भेद करते. स्वतःविषयीच्या तिटकाऱ्याखाली पुष्कळदा जुनी जखम असते. उपचारात दोन खुर्च्या समोरासमोर मांडतात. एकीवर बसून तरुणी स्वतःला दूषणे देणाऱ्या आतल्या आवाजाने बोलते: ‘तू कुरूप आहेस, दुबळी आहेस.’ मग दुसऱ्या खुर्चीवर बसून ते ऐकताना काय वाटले, ते सांगते. प्रथम ती खचते. हळूहळू रडू येते, कधी न्याय्य राग येतो आणि आपल्याला काय हवे होते, ते ती प्रथमच उच्चारते. ते ऐकून दूषणे देणारा आवाजही कधी कधी मवाळ होतो. एका भावनेची जागा दुसरी, अधिक हितकर भावना घेते, हे या पद्धतीचे मर्म होय. लाजेच्या जागी स्वतःविषयी कणव आली, की आसऱ्याची निकड कमी होते.

या पद्धतीचा पुरावा अद्याप तोकडा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत बारा साप्ताहिक बैठकांनंतर सुधारणा दिसली. पण सहभागी व्यक्ती जेमतेम वीसएक होत्या. विचार व वर्तन यांवर भर देणाऱ्या उपचारांना आजही अधिक भक्कम आधार आहे. कोणता मार्ग धरावा, हे जाणत्या तज्ज्ञानेच ठरवावे.

घरच्यांच्या हाती मात्र एक गोष्ट आहे. रिकामा डबा पाहून ‘किती खाल्लेस?’ असे विचारण्याऐवजी ‘काल काही मनाला लागले का?’ असे विचारता येईल. पहिल्या प्रश्नाने मुलगी गप्प होते. दुसऱ्याने कदाचित बोलू लागेल.