वाड्यांतील शाळा आणि कराराचा कागद

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें आपल्या निवासासाठीं बांधविला. पेशवाई बुडून तीन वर्षें होतात न होतात तोंच, १८२१ सालीं, त्याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढें तिच्यांतूनच डेक्कन कॉलेज उदयास आलें. १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे पहिले वर्गहि मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यांत भरले. जुनी वास्तु आणि विद्या यांचा संबंध आपल्याकडे असा जुनाच आहे.

आजहि एखादी शाळा वर्गांसाठीं अगर इतिहासाच्या पाठासाठीं जुना वाडा मागते, आणि मालकहि आनंदानें देतो. 'मुलांचें काम, त्यांत कागद कसला?' असें म्हणून सारें तोंडीच ठरतें. पुढें मालकाला वाडा हातचा जाईल अशी धास्ती वाटूं लागते, आणि शाळेला वर्षाच्या मध्येंच मुलांना घेऊन बाहेर पडावें लागेल अशी. मग दोघांनाहि कोर्टाची पायरी चढावी लागते.

जागा वापरावयास देण्याचे मुख्य मार्ग दोन. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ प्रमाणें भाडेपट्ट्यानें उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. त्याच सालच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें परवान्यानें केवळ वापरण्याची अनुज्ञा मिळते. जागेंत हक्क उत्पन्न होत नाहीं. मात्र कागदाच्या माथ्यावर 'परवाना' लिहिल्यानें भागत नाहीं. नांवापेक्षां मजकूर व उभयतांचा हेतु पाहावयाचा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं सांगितलें आहे. म्हणून कोणत्या खोल्या, कोणत्या वेळीं, किल्ली कोणाकडे, हें स्पष्ट लिहावें.

याच सुविधाधिकार कायद्याचें कलम ६० तर प्रत्येक मालकानें वाचावें. परवान्याच्या भरंवशावर परवानेदारानें स्वखर्चानें कायम स्वरूपाचें काम केलें, तर तो परवाना मालकाला मागें घेतां येत नाहीं. शाळेनें सद्‌हेतूनें परसांत पक्कें स्वच्छतागृह बांधलें, तरी वादाचें बीज पेरलें गेलेंच! तेव्हां बांधकाम कोणाच्या लेखी संमतीनें व्हावें आणि शेवटीं त्याचें काय व्हावें, हें आधींच ठरवावें.

उरलेलीं कलमें गृहस्थाच्या शहाणपणाचीं आहेत. कोरीव खांबांना खिळे ठोकूं नयेत. माडीवर एका वेळीं किती मुलें बसवावयाचीं तें इंजिनियराकडून ठरवून घ्यावें. वाड्यांत चूल पेटवूं नये. मूल जिन्यावरून पडल्यास उपचाराची व भरपाईची जबाबदारी कोणाची, आणि पावसाळ्यापूर्वीं कौलें कोणी चाळावयाचीं, हें लिहावें. मुदत शालेय वर्षाबरोबर संपावी, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर कोणी बेघर होणार नाहीं.

सही करण्यापूर्वीं वाड्याची मालकी पाहावी. भाऊबंदकीचा वाडा असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या. वास्तु सार्वजनिक न्यासाची असेल, तर तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें असा करार लेखी करून नोंदविणें आवश्यक केलें असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. वास्तु केंद्र सरकारनें संरक्षित केलेली असेल, तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६ प्रमाणें मालक व सरकार यांच्यांत देखभाल, वापर आणि लोकांचा प्रवेश यांविषयीं करार होऊं शकतो. असा करार झालेला असेल, तर शाळेनें तो आधीं वाचावा.

कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें आपल्याकडे पुष्कळांना वाटतें. परंतु आज शब्द देणारे उद्यां असतीलच असें नाहीं. वाडा मात्र त्यांच्यामागें राहावयाचा असतो, आणि शाळाहि. पुढच्या पिढीच्या हातीं दोन्ही सुखरूप जावीं, म्हणूनच स्नेहाचे दिवस असतांना कागद करून ठेवावा. भांडण उभें राहिल्यावर तो कोणीहि मनापासून लिहीत नाहीं.