सवाल, हातोडा आणि एक पंचमांश

१९८७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जिनिव्हा शहरी जहांगीर बादशहाचे एक हजार मोहरांचे नाणे लिलावास मांडण्यात आले. इ. स. १६१३ मध्ये आग्र्याच्या टांकसाळीत पाडलेले, जवळजवळ बारा किलो वजनाचे आणि वीतभर रुंदीचे हे अद्वितीय नाणे अपेक्षित किंमत न आल्यामुळे विकले गेले नाही. मात्र हैदराबादच्या निजाम घराण्याच्या वारशाशी त्याचा संबंध सांगितला जात असल्याने केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याचा माग काढण्यास आरंभ केला, आणि एरवी मूठभर हौशी मंडळींच्या बैठकीपलीकडे न जाणारा नाणेलिलाव हा विषय काही दिवस वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर चर्चिला गेला. त्या वेळी मुंबईपुण्याच्या संग्राहकांपैकी बहुतेकांना ही वार्ता छापील बातमीतूनच कळली. आज तसलेच एखादे नाणे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात सवालास चढले, तर नाशिकचा एखादा पेन्शनर कारकून चहाचा पेला हाती धरून त्यावर पडणारा प्रत्येक आकडा त्याच क्षणी पाहू शकतो, आणि ऐपत असल्यास स्वतः सवालही करू शकतो. या दोन अवस्थांमधल्या चाळीसेक वर्षांत या व्यवहाराचे काय झाले, त्यात कोणी काय मिळविले आणि कोणी काय गमावले, याचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे असे वाटते.

त्यापूर्वीचा व्यवहार सराफकट्ट्यावर, जुन्या बाजारात किंवा तांबटाच्या दुकानी होई. शिवरायाचे तांब्याचे पैसे मोडीच्या भावाने वजनावर विकले जात. अंकुशी अथवा चांदवडी रुपया पाहिजे असला तर एखाद्या ओळखीच्या सराफाच्या पेढीवर दोन तास बैठक मारावी लागे. किंमत देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच काय ती ठाऊक असे. नाण्याची पारख ही हाताची विद्या होती: ते दगडावर टाकून त्याचा नाद ऐकावा, काठाची झीज बोटाने चाचपावी, तराजूत घालून मासे आणि गुंजा मोजाव्यात, आणि मगच तोंडातून आकडा काढावा, हा रिवाज बाप मुलाला आणि सराफ गिऱ्हाइकाला शिकवीत असे. १९८० साली नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी राहिली आणि १९८९ मध्ये तिच्याकडून महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा कोठे या विद्येला आपल्या मुलखापुरती छापील बैठक लाभली.

संगणकाचा पडदा आला तो अमेरिकेतून. १९९५ साली ईबे हे आंतरजालावरील लिलावस्थळ निघाले, २००० साली मुंबईतच बाझी नावाचे लिलावस्थळ उघडले, आणि २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. पुढे मुंबईचे टोडीवाला आणि ओसवाल, बंगळूरचे मरुधर, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी या नामांकित लिलावगृहांच्या याद्या पडद्यावर आल्या आणि सभागृहातल्या हातोड्याबरोबरच दूरस्थ गिऱ्हाइकाचा सवालही ग्राह्य धरला जाऊ लागला. २०२० च्या महामारीने सभागृहांना कुलपे घातली, आणि जे पूर्वी सोयीखातर होते ते तेव्हा एकमेव साधन ठरले. पद्धत थोडक्यात अशी: प्रत्येक नाण्यास किंवा नोटेस क्रमांक मिळतो, दोन्ही बाजूंची भिंगातून पाहावीत अशी छायाचित्रे, वजन, टांकसाळ, सन आणि अंदाजी किंमत खाली नोंदलेली असते, गिऱ्हाईक आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवून ठेवतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सवालावर यंत्र त्याच्या वतीने ठरावीक पायरीने वर चढत राहते. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या मिनिटात कोणी सवाल केला तर घड्याळ थोडे मागे सरकते. पूर्वीचा लिलाववाला ‘एक वार, दोन वार’ म्हणत ज्या कौशल्याने रेंगाळत असे, त्याचेच काम हे घड्याळ करते, फक्त त्यात त्याची मिस्कीलपणे मिशी पिळण्याची लकब नाही.

या व्यवस्थेत सर्वांत मोठी अडचण विश्वासाची होती. जे नाणे हाती घेता येत नाही, ज्याचा नाद ऐकता येत नाही, ते लाख रुपयांस कोणी का घ्यावे? याचे उत्तरही अमेरिकेतच तयार होऊन बसले होते. १९४९ साली शेल्डन नावाच्या संग्राहकाने अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी आखली होती. १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्थांनी नाणे तपासून, त्या श्रेणीतला आकडा देऊन, ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करण्याचा उद्योग सुरू केला. आणि पुढे नोटांसाठीही तसाच दाखला देणाऱ्या संस्था निघाल्या. आता आमच्याकडचा व्हिक्टोरियाचा रुपयाही त्या डबीत बसून सवालास उभा राहतो. यामुळे बनावट मालाला काही प्रमाणात आळा बसला हे मान्य केले पाहिजे. परंतु त्रेसष्ट आणि चौसष्ट या दोन आकड्यांच्या दरम्यान, जेथे सराफाच्या डोळ्याला काडीचाही फरक दिसणार नाही, तेथे किंमत कधी कधी दुप्पट होते, हे पाहिले म्हणजे गिऱ्हाईक नाणे घेत आहे की डबी घेत आहे, असा प्रश्न जुन्या मंडळींना पडतो. आणि माझ्या मते तो प्रश्न रास्त आहे.

तरीही पडद्याने एक गोष्ट निःसंशय दिली, ती म्हणजे किमतीची उघड नोंद. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची हकिकत घ्या. राजाच्या अंगरख्यावरील पदकमालेतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला, आणि धर्मभावना दुखावल्याचा बोभाटा झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतले जेमतेम सात लाख चलनात गेले, उरलेले वितळविण्यात आले, आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून नवा ठसा घडविला गेला. हे कथानक संग्राहकांना पूर्वीपासून ठाऊक होते; पण त्या रुपयाची आज खरी किंमत काय, हे कोल्हापूरच्या माणसाला मुंबईच्या दलालाखेरीज सांगणारे कोणी नव्हते. आता जुन्या लिलावांचे आकडे कोणालाही चाळता येतात.

नोटांच्या बाबतीत तर ही नोंद अधिकच मोलाची, कारण कागद हा धातूपेक्षा अल्पायुषी. २ जानेवारी १९१८ रोजी निघालेली दोन रुपये आठ आण्यांची नोट, किंवा विसाव्या शतकापूर्वीच्या त्या एकाच बाजूने छापलेल्या नोटा, ज्या टपालाने पाठविताना व्यापारी मधोमध कापीत, एक अर्धा पोचल्याची खबर आल्यावरच दुसरा रवाना करीत, आणि पेढीवर दोन्ही अर्धे जोडून रक्कम वसूल होई – अशा वस्तू आता छायाचित्रासह दप्तरी राहतात. जुलै १९१८ मध्ये लंडनहून मुंबईस येणारी शिराला नावाची आगबोट जर्मन पाणबुडीने बुडविली, तिच्यातून किनाऱ्याला लागलेल्या दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्ये लंडनच्या नूनन्स या लिलावघराने विक्रीस काढल्या, आणि एका बुडालेल्या जहाजाची कथा आमच्या वृत्तपत्रांतून घराघरांत पोचली.

याच उघडेपणाची काळी बाजूही आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे किंवा ७८६ आकड्याची नोट लाखांना जाते, अशा अफवांवर भोळ्या माणसांना गाठून, आधी ‘कर’ आणि ‘कमिशन’ भरा, मग तुमचे नाणे विकून देतो, असे सांगणाऱ्या ठगांचा इतका सुळसुळाट झाला की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला, आपल्या नावाने असा कोणताही व्यवहार होत नाही, असा जाहीर इशारा द्यावा लागला.

परंतु माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. लिलावाची यादी नाण्याचे वजन सांगते, सन सांगते, कधी पूर्वीच्या मालकाचे नावही सांगते. ते कोणत्या गावच्या कोणत्या शेतात, आणखी कोणत्या नाण्यांबरोबर निघाले, हे ती क्वचितच सांगते. १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. ठेवा एकत्र तपासला गेला, रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात दिला, आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखाने नहपानाच्या घराण्यावरील गौतमीपुत्राच्या विजयाबद्दल जे सांगितले होते त्याला चांदीची साक्ष मिळाली. हीच नाणी एकेक करून सवालास चढली असती, तर प्रत्येकास बरी किंमत आली असती आणि दोन तृतीयांश नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा आहे हे प्रमाण कोणालाही कळले नसते.

अशा ठेव्यासाठी कायदा नाही असे नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही अमलात आहे: जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी दिली पाहिजे, न दिल्यास शिक्षा आहे, आणि सरकारने तो ताब्यात घ्यायचा ठरविल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश, एवढा मोबदला मिळतो. चांदीच्या भावावर वीस टक्के! ज्या नाण्याला पडद्यावर हजारो रुपये येतात, त्याची ही सरकारी बोली. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची नाणी देशाबाहेर नेण्यास बंदी केली, आणि त्यामुळे १९११ चा तो हत्तीवाला रुपयाही २०११ पासून त्या बंदीत आला. पण देशातल्या देशात नांगराच्या फाळापासून भट्टीपर्यंत किंवा दलालापर्यंत होणारी वाटचाल या एक पंचमांशाने अडत नाही, उलट तिला उत्तेजन मिळते. लिलावगृहांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी नाण्याची किंमत सर्वांस दाखविली, सरकारने मात्र आपली किंमत जवळजवळ दीडशे वर्षांत बदलली नाही. तो एक पंचमांश रद्द करून सापडणाऱ्याला बाजारभाव द्यावा, आणि लिलावाच्या प्रत्येक यादीत सापडल्याच्या ठिकाणाची नोंद सक्तीची करावी, एवढ्या दोन सुधारणा तरी विधिमंडळ आणि संसद यांनी मनावर घ्याव्यात. तोपर्यंत ज्या शेतकरी बंधूच्या कुदळीला मडके लागेल, त्याने ते फोडून नाणी वाटून घेण्याआधी जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी, आणि निदान मडक्यासकट एक छायाचित्र तरी काढून ठेवावे.