पिढीतून एकदा भरणारी जत्रा

जिनिव्हा सरोवराच्या काठी, स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात व्हेव्हे नावाचं गाव आहे. नेस्लेचं मुख्यालय इथलं. चार्ली चॅप्लिनचं अखेरचं घरही गावाला खेटूनच. पाण्यात उभा केलेला भलामोठा स्टीलचा जेवणाचा काटा दिसला की समोर खाद्यसंस्कृतीचं संग्रहालय आलं असं समजावं. पण गावाचा खरा अभिमान वेगळा आहे. ‘फेत दे व्हिन्यरों’, म्हणजे द्राक्षमळे कसणाऱ्यांची जत्रा, ही इथे पिढीतून एकदाच भरते. 1797, 1819, 1833, 1851, 1865, 1889, 1905, 1927, 1955, 1977, 1999 आणि 2019. सव्वादोनशे वर्षांत बारा वेळा. दहाव्या वर्षी जत्रेत नाचलेलं पोर पुढच्या खेपेला स्वतःचं पोर कडेवर घेऊन येतं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला नातवंडांना बोट धरून आणण्याचं वय झालेलं असतं.

इतकी दुर्मीळ जत्रा ज्या कामातून निघाली ते काम मात्र रुक्ष आहे: पिकाची पाहणी.

गावाच्या पश्चिमेला लाव्होचे मळे सुरू होतात. सरोवरावर उभ्या कोसळणाऱ्या डोंगरात दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्ष लावलेली आहे. यातले जुने बांध मध्ययुगात ख्रिस्ती मठांनी घालायला घेतले. 2007 साली हा सगळा उतार जागतिक वारसा यादीत गेला. इथल्या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात असं लोक सांगतात: एक आभाळातला, दुसरा पाण्यात पडलेला, आणि तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब देणाऱ्या दगडांतला. मुख्य जात शासला. तिची वाइन पांढरी, हलकी, फार आव न आणणारी. ती बहुतेक देशातच पिऊन संपते, म्हणून आपल्याकडच्या दुकानांत तिचं नाव सहसा दिसत नाही.

मळ्याचे मालक बऱ्याचदा शहरात राहणारे, आणि वेलीवर कात्री चालवणारा दुसराच. हा माणूस मळा उक्त्यावर घेतो. छाटणी, फूट काढणी, शेंडे खुडणं, सगळं त्याच्या अंगावर. आता मालकाला कसं कळावं की काम नीट झालं? त्यासाठी व्हेव्हेच्या मालकांनी एक संघ केला, ‘कॉन्फ्रेरी दे व्हिन्यरों’. त्याचं सर्वांत जुनं दफ्तर 1647 पासूनचं आहे. त्याआधीचे कागद होते की नाही ते सांगायला काही उरलं नाही, कारण 1688 मध्ये गावाला मोठी आग लागली. संघाचे जाणकार मळ्यामळ्यातून फिरतात, वेल कशी छाटली, तण कुठवर आलं, बांध ढासळला का, हे बघतात आणि गुण देतात. हे काम आजही चालू आहे. दर तीन वर्षांनी गुणांप्रमाणे पदकं वाटली जातात.

नाशिकच्या बागायतदाराला हे वाचून हसू येईल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालते, कारण आपली वेल झोपतच नाही. लाव्होची वेल हिवाळ्यात ठार निजते, तेव्हा एकदाच. पण ती एक छाटणी चुकली तर वर्ष गेलं, हे दोन्हीकडे सारखंच. छाटणाऱ्याच्या हाताला गुण देणारी मंडळी मात्र नाशिकला नाहीत.

आधी संघाची नुसती मिरवणूक आणि जेवणावळ असे. 1797 च्या उन्हाळ्यात बाजारचौकात पहिल्यांदा मंच बांधला आणि उत्तम काम करणाऱ्यांच्या डोक्यावर सर्वांदेखत मुकुट ठेवला. काही महिन्यांतच, जानेवारी 1798 मध्ये, व्हो प्रांतावरची बर्नची सत्ता उलथली. मालकांनी मजुरांना राजा करण्याचा तो मुहूर्त मला फार बोलका वाटतो. मुकुटाला खर्च कमी येतो, मजुरी वाढवायला जास्त. तरीही ज्याच्या नावाची कुठे नोंद होत नसे, त्याला गावाने उभं राहून टाळ्या दिल्या, ही गोष्ट छोटी नाही. आणि गंमत अशी की गाव कडक प्रोटेस्टंट. पण संघ पूर्वी संत उर्बानच्या नावाचा, मंचावर बाकस आणि सेरेस हे रोमन देव. द्राक्षापुढे धर्मगुरूंचं फार चाललेलं दिसत नाही.

पुढे त्या मंचाचं महानाट्य झालं. संगीत, नृत्य, ऋतुचक्र, शेकडो गायक. सगळ्यात रडवणारा भाग म्हणजे ‘रां दे व्हाश’, फ्रीबुर्गच्या गुराख्यांचं गाईंना हाक मारायचं गाणं. रूसोने आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की परदेशी फौजांतल्या स्विस शिपायांपुढे ते वाजवायला बंदी होती, ऐकलं की ते पळून घरी जात. 1977 मध्ये बेर्नार रोमानांस नावाच्या गुराख्याने ते असं गायलं की त्याचा आवाज देशभर गाजला.

2019 ची जत्रा दानिएले फिन्झी पास्का याने बसवली. सरोवराकाठच्या चौकात वीस हजार आसनांचं तात्पुरतं रंगस्थळ उभारलं, पाच हजारांहून अधिक हौशी स्थानिक माणसं त्यात उतरली. गोष्ट साधी: ज्युली नावाची मुलगी आजोबांचं बोट धरून मळ्याचं वर्षभराचं काम पाहते. (रूसोच्या कादंबरीतली नायिकाही ज्युलीच, आणि तीही याच काठावरची.) बाहेर गावभर तळघरं उघडली होती, वेगवेगळ्या प्रांतांचे लोक आपापल्या दिवशी मिरवत येत होते.

खर्च जवळपास दहा कोटी फ्रँकांवर गेला आणि दीड कोटींच्या आसपास तोटा आला. यावर तिथे बरीच वादावादी झाली. माझं मत विचाराल तर जत्रा फार फुगली होती. रंगस्थळाच्या जमिनीवर दिव्यांचा पडदा अंथरावा लागला, तेव्हा वेल थोडी मागेच राहिली असणार. 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव लागल्यावर भपका वाढणं ओघानेच आलं. तोट्यानंतर संघाने जाणकारांची फेरी मात्र थांबवली नाही.

पुढच्या जत्रेची वाट पाहण्यात निम्मं आयुष्य जाईल. तोवर जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी सकाळी व्हेव्हेच्या बाजारचौकात जावं. एक पेला विकत घ्यायचा, मग मळेवाले दुपारपर्यंत त्यात शासला ओतत राहतात. सोबत पापे घ्यावं: लांब पातीच्या कांद्यासारखी दिसणारी लीक आणि बटाटा एकत्र गळेपर्यंत शिजवलेला, वर कोबी घातलेलं सॉसेज. शाकाहारी माणसाने मालाकॉफ मागावं, तळलेल्या चीजचा हा गोळा गरम असतानाच खायचा.