ऑयलर यांचा अंदाज १७७ वर्षांनी खोटा ठरवणारे मराठी गणितज्ञ कोण होते?

२६ एप्रिल १९५९. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर चक्क गणिताची बातमी होती. अठराव्या शतकातला सर्वात मोठा गणितज्ञ एका कोड्याबाबत चुकला होता आणि तिघांनी मिळून ते सिद्ध केलं होतं. या तिघांपैकी एक होते नागपुरात शिकलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

ते कोडं काय होतं आणि ते सुटायला पावणेदोनशे वर्षं का लागली, हे समजून घेऊया.

ऑयलर कोण होते?

लेओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला. वडील धर्मगुरू होते आणि मुलानेही तेच व्हावं अशी त्यांची इच्छा होती. पण योहान बर्नुली या नामवंत गणितज्ञाने मुलाची चुणूक ओळखली आणि गाडी गणिताकडे वळली. विसाव्या वर्षी ऑयलर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. मधली २५ वर्षं त्यांनी बर्लिनमध्ये काढली आणि १७६६ मध्ये ते पुन्हा सेंट पीटर्सबर्गला परतले.

युरोपात तो प्रबोधनाचा काळ होता. जुन्या ग्रंथात लिहिलंय म्हणून मान डोलावण्यापेक्षा तर्काने तपासून पाहण्याला महत्त्व येत होतं. ऑयलर यांनी ८०० हून अधिक लेख आणि पुस्तकं लिहिली. फलनासाठी वापरलं जाणारं चिन्ह त्यांनी रूढ केलं. 'पाय' हे चिन्ह त्यांचं नव्हे, पण त्यांनी वापरल्यामुळे ते जगभर पोहोचलं. शाळेत घनाकृतीच्या कडा, शिरोबिंदू आणि पृष्ठं यांचं जे सूत्र शिकवतात, तेही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

तिशीतच त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि साठी ओलांडल्यावर त्यांना जवळपास काहीच दिसेनासं झालं. तरी काम थांबलं नाही. ते मनात आकडेमोड करायचे आणि मुलाकडून व सहकाऱ्यांकडून लेख लिहून घ्यायचे. ३६ अधिकाऱ्यांचं प्रसिद्ध कोडं याच काळातलं आहे.

कोडं नेमकं काय आहे?

कल्याणहून कर्जतकडे जाताना ओळीने लागणारी तीन स्टेशनं घ्या. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. समजा, प्रत्येक शहरातून तीन क्रिकेटपटू आलेत: एक फलंदाज, एक गोलंदाज आणि एक यष्टिरक्षक. एकूण नऊ जण. फोटोसाठी त्यांना तीन ओळींत तिघे-तिघे उभं करायचंय. अट अशी की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत एकाच शहराचे दोघे नकोत आणि एकच काम करणारे दोघेही नकोत.

हे जमतं. असं:

पहिली ओळ: उल्हासनगरचा फलंदाज, अंबरनाथचा गोलंदाज, बदलापूरचा यष्टिरक्षक

दुसरी ओळ: अंबरनाथचा यष्टिरक्षक, बदलापूरचा फलंदाज, उल्हासनगरचा गोलंदाज

तिसरी ओळ: बदलापूरचा गोलंदाज, उल्हासनगरचा यष्टिरक्षक, अंबरनाथचा फलंदाज

आता बदलापूरला वगळा आणि यष्टिरक्षकांनाही. दोन शहरं, दोन कामं, चार खेळाडू. पहिल्या ओळीत उल्हासनगरचा फलंदाज आणि त्याच्या शेजारी अंबरनाथचा गोलंदाज उभा केला. आता उल्हासनगरच्या फलंदाजाच्या मागे कोण? शहर वेगळं हवं, म्हणजे अंबरनाथ. कामही वेगळं हवं, म्हणजे गोलंदाज. पण अंबरनाथचा गोलंदाज तर आधीच शेजारी उभा आहे! म्हणजे दोनच्या बाबतीत हे अशक्य.

ऑयलर यांचं कोडं असंच होतं, फक्त मोठं. सहा पलटणी, सहा हुद्दे आणि ३६ लष्करी अधिकारी. १७८२ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी दाखवलं की संख्या ३ किंवा त्याहून मोठी विषम असेल, किंवा तिला ४ ने भाग जात असेल, तर रचना करता येते. पण ६ ला गाडी अडली. कितीही प्रयत्न केले तरी अधिकारी रांगेत बसेनात. मग त्यांनी अंदाज मांडला की ६ साठी हे अशक्य आहे आणि १०, १४, १८, २२ अशा पुढच्या सगळ्या संख्यांसाठीही अशक्यच असणार. आपल्याकडे याची पक्की सिद्धता नाही, हे त्यांनी तिथेच मान्य केलं होतं. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांचं निधन झालं.

या कोड्याचा उपयोग काय?

रोज सुडोकू सोडवणारे लोक याच्या अर्ध्या भागाशी खेळतच असतात. प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात एक आकडा एकदाच, हा झाला एक चौरस. ऑयलर यांच्या कोड्यात असे दोन चौरस एकावर एक बसवायचे असतात आणि कुठलीही जोडी दोनदा येऊ द्यायची नसते.

विसाव्या शतकात हा खेळ शेतीत उतरला. समजा, भाताचे चार वाण आणि चार खतं तपासायची आहेत. शेताच्या एका टोकाला माती कसदार आहे आणि एका बाजूला पाणी साचतं. सगळी चांगली जागा एकाच वाणाला मिळाली तर निकाल फसवा निघेल. १६ वाफ्यांत अशी रचना केली तर प्रत्येक वाण प्रत्येक रांगेत एकदा येतो, प्रत्येक खतही एकदा येतं आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ पडते. त्यामुळे कुठल्या संख्येसाठी अशी रचना मिळते, हा संख्याशास्त्रज्ञांसाठी कामाचा प्रश्न बनला.

श्रीखंडे यांनी काय केलं?

१९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच गणितज्ञाने सगळ्या शक्यता चिकाटीने तपासल्या आणि ६ साठी रचना अशक्य असल्याचं सिद्ध केलं. ऑयलर तिथे बरोबर होते. त्यामुळे १०, १४, २२ बद्दलही ते बरोबरच असणार, असा समज आणखी घट्ट झाला.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागरचा, आजच्या मध्य प्रदेशातला. शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून १९५० मध्ये त्यांनी राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली. १९५९ मध्ये या गुरू-शिष्यांनी थेट २२ चा चौरस तयार केला. तो डोळे झाकून शोधत बसण्याऐवजी त्यांनी ४ आणि ७ च्या लहान चौरसांचे तुकडे एका नियमाने जोडले आणि त्यातून मोठा चौरस उभा केला. अर्नेस्ट पार्कर या अमेरिकी गणितज्ञाने १० चा चौरस शोधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की ६ नंतरच्या प्रत्येक संख्येसाठी रचना मिळतेच.

म्हणजे ऑयलर यांच्या यादीतली फक्त पहिली संख्या बरोबर होती, पुढच्या सगळ्या चुकीच्या. या तिघांना 'ऑयलरचा खेळ बिघडवणारे' असं गमतीदार नाव पडलं.

श्रीखंडे नंतर भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठानंतर १९६३ मध्ये ते मुंबई विद्यापीठात आले आणि १९७८ पर्यंत तिथे गणित विभागाचे प्रमुख होते. १६ बिंदूंच्या एका प्रसिद्ध आलेखाला त्यांचं नाव आहे. २१ एप्रिल २०२० रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मग आता कोडं संपलं का?

नाही. २०२२ मध्ये आयआयटी मद्रासमधल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने दाखवलं की अधिकारी 'क्वांटम' असतील, म्हणजे एकाच वेळी अनेक हुद्द्यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकत असतील, तर ३६ जणांचंही कोडं सुटतं.

आणि १० च्या बाबतीत एक प्रश्न अजून कुणालाच सुटलेला नाही. पार्कर यांनी दोन चौरस एकमेकांवर बसवून दाखवले. कुठल्याही दोघांची जोडी जमेल असे तीन चौरस मिळतील का? उत्तर काय असेल याचे अंदाज बरेच आहेत. सिद्धता मात्र अजून कुणाकडेच नाही.