वेग वाढताच अडखळणारे इंजिन

काही विद्यार्थ्यांचे खालच्या इयत्तांत सारे सुरळीत चाललेले दिसते. आठवीचे बीजगणित पुढ्यात आले, की मग पाया कच्चा असल्याचे उघडकीस येते. यंत्राचेही काहीसे असेच असते, हे २०२५ च्या ऑगस्टात शापोरा नदीच्या काठी आमच्या प्रत्ययास आले. आमचा एक जुना विद्यार्थी त्यास निमित्त झाला.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ते दोन महिने त्याची होडी झापांच्या शेडीत होती. होडीचे इंजिन मागच्या फळीवर बाहेरून बसविलेले, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक जातीचे, पेट्रोलवर चालणारे. ऑगस्टात ते सुरू केले तेव्हा पहिल्याच ओढीला सुरू झाले आणि नदीतून संथ गतीने उत्तम चालले. मात्र थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे जाताच ते फटफट करू लागे, धक्के देई आणि जोर टाकून देई. इकडचे मेस्त याला इंजिन ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने प्लग बदलले, मग उसनवारीने नवी कॉइल घातली. पण गुण आला नाही.

इतक्यावर भागले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. शापोरेच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि तेथे लाट फुटते. ती ओलांडताना इंजिनाचा पूर्ण जोर मिळावाच लागतो. नेमक्या त्या क्षणी इंजिन अडखळले आणि होडी लाटेला आडवी झाली. वडिलांनी वल्ह्याच्या बळावर नाळ फिरवली, म्हणून बापलेक घरी परतले. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. “सर, आता आणखी कसलासा भाग आणायला हा माझी पाटली मागतोय. तुम्ही तरी सांगा त्याला,” एवढेच ती म्हणाली.

इंजिनातले आम्हाला फारसे कळत नाही. गणित चुकले तर उत्तर खोडण्यापूर्वी पायऱ्या तपासाव्यात, इतके मात्र कळते. म्हणून गावातल्या एका वृद्ध मेस्तांना सोबत घेतले आणि आम्ही तिघे काठावर जाऊन बसलो.

मेस्तांनी प्रथम आम्हाला दोषाचे मर्म समजावून दिले. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ठिणगी पडते. मिनिटाला ९०० फेरे असताना एका सिलिंडरात सेकंदाला १५ ठिणग्या पडतात. ५,००० फेऱ्यांना त्याच ठिणग्या ८३ होतात. तितक्याच वेळा ताजे पेट्रोल आणि हवा आत यावी लागते. नळी अर्धवट तुंबलेली असली तरी संथ गतीला पुरेल इतके पेट्रोल तिच्यातून येते, वेगाला मात्र पुरत नाही. ठिणगीचेही तसेच आहे. थ्रॉटल उघडला, की सिलिंडरात अधिक मिश्रण दाबले जाते आणि त्या दाबात ठिणगी उडण्यास विजेचा दाबही अधिक लागतो. मंद गतीला चालून गेलेली दुबळी ठिणगी तेथे हार खाते. तेव्हा प्रश्न दोनच उरले: उपासमार पेट्रोलाची, की ठिणगीची?

उत्तरासाठी इंजिन भाराखालीच पाहावे लागते. पाण्याबाहेर तर ते मुळीच पळवू नये, कारण थंड करणारे पाणी न मिळून पंपाचे रबर जळते. आम्ही भरतीच्या वेळी नदीच्या आतल्या शांत पाण्यात गेलो. अंगात जीवरक्षक जाकिटे होती, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली होती, वल्ही आणि नांगर हाताशी होते. पूर्ण वेग दिला, इंजिन अडखळू लागले आणि त्याच अवस्थेत ते एकदम बंद केले. काठावर येऊन दोन्ही प्लग काढले. चांगल्या जळणाचा प्लग फिकट तपकिरी दिसतो. यातला एखादाच काळा आणि ओला असता, तर त्या सिलिंडराच्या ठिणगीवर संशय घेतला असता. येथे दोन्ही सारखेच पांढुरके होते. दोन्हींकडे एकच दोष असेल, तर तो दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे पेट्रोलच्या मार्गावर शोधावा, असे मेस्त म्हणाले.

दुसरी परीक्षा सोपी होती. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो. पूर्ण वेगात इंजिन अडखळत असता मुलाने तो फुगा सारखा दाबत ठेवला. काय आश्चर्य! इंजिन सुरळीत गर्जू लागले. हात सोडताच पुन्हा फटफट. कॉइलचा यात काही अपराध नव्हता, हे येथेच ठरले.

मग एक एक पायरी. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला, तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल ओढले जात नाही. तो उघडाच होता. इंजिनावरील गाळणीची वाटी सोडली, तो तळाशी पाण्याचा थर आणि गंज. याचे कारण नव्या पेट्रोलात आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दोन महिने पडून राहिली, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. आणि इंजिनाची नळी पेट्रोल ओढते ती तळाकडूनच. आम्ही जुने पेट्रोल काढले, गाळणी धुतली, ताजे पेट्रोल पुस्तिकेतील प्रमाणात तेल मिसळून भरले. इंजिन पाऊण वेगापर्यंत चांगले चालू लागले. मुलगा आनंदून म्हणाला, “सर, झालं!” मेस्तांनी मात्र पूर्ण वेग देऊन पाहण्यास सांगितले. शेवटच्या पाव वेगाला तेच अडखळणे.

आमच्या मते साऱ्या प्रकरणातील मोलाचा क्षण हाच. अर्धा गुण आला, की माणूस थांबतो, आणि उरलेला अर्धा दोष त्याला वाळूच्या दांड्यावर गाठतो.

शेजारच्या होडीची टाकी, तिच्या नळीसकट, उसनी आणून जोडली. इंजिन पूर्ण वेगाला जराही न अडखळता पळाले. म्हणजे इंजिन, पंप, कार्ब्युरेटर सारे निर्दोष. दोष टाकी आणि नळी एवढ्यातच. नळी उभी चिरली, तेव्हा आतला पापुद्रा सुटून लोंबत असलेला दिसला. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ओढ वाढली, की तो पापुद्रा पडद्यासारखा वाट अडवी. नवी नळी आणि फुगा यांची किंमत कॉइलच्या मानाने किरकोळ होती. पाटली हातातच राहिली.

याची उपेक्षा झाली असती तर? टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलातूनच येते. पेट्रोल अपुरे म्हणजे वंगणही अपुरे, आणि ज्वलनाची उष्णता मात्र वाढलेली. असे इंजिन पळवीत राहिल्यास दट्ट्या वितळतो किंवा सिलिंडरात जखडतो.

दोष ठिणगीचा असता, तर दोन सिलिंडरांचे प्लग आपसात बदलून पाहावेत. प्लगबरोबर दोषही पलीकडे गेला तर प्लग वाईट, जागीच राहिला तर कॉइलची तशीच अदलाबदल करावी. नवा भाग विकत घेण्यापूर्वी एवढे सहज करता येते. मात्र ही कामे पेट्रोलाच्या वाफेपासून दूर, इंजिन बंद ठेवून करावीत. इंजिन नुसतेच जोरात घोंघावते आणि होडी पुढे जात नाही, तर तो पंख्याचा घसरा. त्याचा या दोषाशी संबंध नाही.

३१ मे रोजी होडी काठावर घेताना टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरातले पेट्रोल संपवून इंजिन थांबवावे आणि ऑगस्टात नळी व गाळणी पाहूनच समुद्राकडे वळावे.

त्यानंतरच्या सोमवारी सुकतीच्या आधी त्याची होडी दांडा ओलांडून गेली. वडील नाळेवर बसले होते, आणि वल्हे त्यांनी हातातून सोडले नव्हते. काठावर आमच्याशेजारी त्याची आई उभी होती. इंजिनाचा आवाज एकसारखा दूर जात मावळला, तेव्हा कुठे ती घराकडे वळली.