भोसले घाटावरील लू

वाराणसीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिचे प्रसिद्ध घाट पश्चिम तीरावर आहेत. त्यांपैकी भोसले घाट नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. वैशाख-ज्येष्ठात पहाटे येथील पायऱ्यांवर स्नानार्थींची वर्दळ असते. भर दुपारी मात्र घाट ओस पडू लागतो. समोर एवढी मोठी नदी असूनही येथील हवा वाळवंटासारखी कोरडी का होते, ते आपण या पाठात पाहू.

मे महिन्यात वाराणसीचे दुपारचे तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काही दिवशी ते ४५ अंशांपर्यंत चढते. याच काळात पश्चिमेकडून उष्ण व कोरडा वारा वाहतो. त्याला ‘लू’ म्हणतात. राजस्थानकडील वाळवंटी प्रदेशातून आणि तापलेल्या मैदानांवरून आल्यामुळे त्यात बाष्प फार थोडे असते. शिवाय हवा जितकी तापते, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता वाढते. गंगेच्या पाण्याची वाफ होतेच. परंतु शेकडो किलोमीटर पसरलेल्या या कोरड्या हवेपुढे नदीचा पट्टा अगदी अरुंद ठरतो.

कोरड्या हवेचा एक गुण आहे. तिच्यात पाणी लवकर सुकते आणि सुकताना उष्णता शोषून घेते. म्हणून माठातील पाणी गार होते आणि वाळ्याचे ओले पडदे खोली थंड ठेवतात. विदर्भातील घरांतही याच तत्त्वावर कूलर चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच कूलर निरुपयोगी वाटतो.

मात्र हाच गुण घातकही ठरतो. घाम येताक्षणी वाळून जातो. त्यामुळे शरीरातील पाणी किती घटले, हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. डोके व कान कापडाने झाकावेत. अंगमेहनतीची कामे शक्यतो सकाळी उरकावीत. एखादा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जूनच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरावरून बाष्पयुक्त वारे येतात आणि लूचा जोर संपतो. मग गंगेला पूर येतो व घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. नदी तीच, घाटही तोच. वाऱ्याची दिशा बदलते आणि ऋतू पालटतो.

विचार करा : तुमच्या गावी उन्हाळ्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो? माठातील पाणी केव्हा अधिक गार होते, उन्हाळ्यात की पावसाळ्यात? का?