नाणी शोधायचे यंत्र: घ्यावे कसे, वापरावे कसे



नांगरट झाली, वळवाचा पाऊस पडून गेला, की पांढरीच्या रानात एखादी शिवराई वर आलेली दिसते. मग घरातली पोरं म्हणतात, "आबा, नाणी शोधायचं मशीन घेऊ या का?" घ्यायचंच असेल तर आधी चार गोष्टी समजून घ्या.

यंत्र काय करते?
दांड्याच्या टोकाला गोल चकती असते. तिच्यात तारेचे वेढे असतात. सेलवर त्यातून वीज खेळली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू जवळ आला की त्यात फरक पडतो आणि यंत्र वाजते. हलक्या, स्वस्त यंत्राला लहान नाणे साधारण 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतच कळते. वीस फूट खोल पुरलेला हंडा दाखवतो असे कोणी म्हणाला, तर गडी फसवायला आलाय असे समजा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

घेताना काय बघावे?
1. वजन एक ते दीड किलोच्या आसपास असावे. जड यंत्राने तासाभरात खांदा भरून येतो.
2. दांडा उंचीप्रमाणे लांब-आखूड करता यावा. सेल बाजारात सहज मिळणारे असावेत.
3. जमिनीप्रमाणे यंत्र जुळवून घेण्याची सोय हवीच. आपल्या काळ्या व तांबड्या मातीत लोहखनिज असते. ही सोय नसेल तर यंत्र उगाच वाजत राहते.
4. पैसे देण्याआधी परीक्षा घ्या. तांब्याचा जुना पैसा चार बोटे, मग आठ बोटे खोल पुरून बघा. आजचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. त्याला यंत्र लोखंड समजू शकते, म्हणून तो परीक्षेला नको.

वापरावे कसे?
चकती जमिनीपासून दोन बोटे वर, सपाट धरा. सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. टोकाला गेल्यावर ती उचलू नका. वाजले की आडवे-उभे फिरवून नेमकी जागा धरा. खुरपे बाजूने घाला, वरून खुपसू नका. खड्डा बुजवा.

नाणी रोज सापडत नाहीत, पण यंत्र रिकामे बसत नाही. औताचा पडलेला बोल्ट सापडतो. खळ्यातली, गोठ्यातली तार आणि खिळे वेचता येतात. चाऱ्यातून गेलेली तार जनावराच्या जाळीदार पोटातून थेट हृदयात घुसू शकते. एक गाय वाचली तरी यंत्राचे पैसे फिटले!

सापडले तर?
इथेच माणसे चुकतात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, जमिनीत दडलेला 10 रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला तर काय, कुठे, कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ठेवा सरकारी खजिन्यात जमा करावा लागतो, नाहीतर जामीन द्यावा लागतो. लपवला तर हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवला तर हक्क राहतो. ठेव्याला मूळ मालक नाही असे ठरले, शेत दुसऱ्याचे असले आणि आपसात करार नसला, तर सापडणाऱ्याला बारा आणे व शेतमालकाला चार आणे. सरकारने ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जादा देते.

नाणे चिंचेने, राखेने घासू नका. अक्षरे झिजली की त्याची ओळखच जाते. संरक्षित किल्ला, लेणी किंवा जुन्या वस्तीच्या टेकाडावर यंत्र घेऊन उकरायला जाऊ नका. दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

म्हणून म्हणतो मंडळी, यंत्र हौसेने घ्या, पण सापडलेले नाणे लपवू नका. राम राम!